सोन्याचे प्रश्न: अथेन्सचा सोनार, नक्कल कशाला म्हणायचं आणि आजीची बोरमाळ

गेल्या अंकात या पानावर एका चौकटीत अथेन्सच्या इलियास लालाउनिस या सोनाराबद्दल चार ओळी टाकल्या होत्या, की त्यानं जुने ग्रीक दागिने बघून नवे घडवले आणि आज त्याच्या नावाचं म्युझियम आहे. ओळी चारच, पण त्यावर पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज इतके आले की यावेळचं सगळं पान त्यालाच द्यावं लागलं. भाव वाढणार का, आता घ्यावं का थांबावं, हे प्रश्न पुढच्या वेळी. तसंही भाव कधी वाढणार हे मला कळत असतं तर मी हे सदर लिहीत बसलो नसतो.

प्रश्न: माझी भाची जर्मनीत असते, ती ग्रीस फिरून आली, तिनं पण ह्याच म्युझियमचा फोटो पाठवला. एका सोनाराचं म्युझियम कसं काय झालं? आमच्या गावात एकापेक्षा एक सोनार होऊन गेले, त्यांच्या दुकानाची पाटीसुद्धा राहिली नाही. ह्यानं असं काय वेगळं केलं? – एक वाचक, लातूर

ताई, पहिलं म्हंजे घरचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा असून हा माणूस अथेन्स विद्यापीठात अर्थशास्त्र आणि कायदा शिकला. जन्म १९२० चा, गेला २०१३ च्या डिसेंबरात. घराणं मूळचं डेल्फीचं. शिक्षण झाल्यावर वकिली नाही केली, नात्यातल्याच झोलोटास नावाच्या सराफी पेढीत कामाला लागला. तो काळ कसा होता तर जर्मनांचा कब्जा, मग यादवी, देश कंगाल, आणि ज्यांच्याकडं पैसा होता त्यांना दागिना पॅरिसच्या फॅशनचा पाहिजे, हिरे अन प्लॅटिनम. इकडं म्युझियमच्या कपाटात तीन-साडेतीन हजार वर्षांचं सोनं पडलेलं, क्रीट बेटावरचं, मायसीनी या प्राचीन ग्रीक नगरीचं, पुढं अलेक्झांडरच्या काळातलं, अन ते बघायला येणार फक्त अभ्यासक. लालाउनिसला वाटलं हे बायकांच्या अंगावर आलं पाहिजे. १९५७ ला थेस्सलोनिकीच्या व्यापारी मेळ्यात त्यानं या जुन्या दागिन्यांवरनं घेतलेलं पहिलं कलेक्शन मांडलं, आणि तिथनं गाडी जी सुटली ती एलिझाबेथ टेलर आणि जॅकी ओनासिसपर्यंत गेली. १९९० मध्ये फ्रान्सच्या ललित कला अकादमीनं त्याला सभासद करून घेतलं, म्हंजे चित्रकार शिल्पकार वास्तुकार यांच्या पंगतीत एका सोनाराला पाट मिळाला, ही गोष्ट लहान नाही.

म्युझियम म्हणाल तर ॲक्रोपोलिसच्या, म्हंजे अथेन्समधल्या जुन्या देवळांच्या टेकडीच्या पायथ्याला त्याचं जुनं वर्कशॉप होतं, तीच इमारत १९९० च्या दशकात म्युझियम झाली. आत कारागीर काम करताना पण बघायला मिळतो. हजारो नमुने तिथं आहेत कारण त्यानं ते विकून टाकले नाहीत, मोडले नाहीत. चार मुली, त्यांनी पुढं धंदा आणि म्युझियम सांभाळलं.

आता तुमच्या गावातल्या सोनारांचं. आपल्याकडं सगळ्या महाराष्ट्राला नावानं माहीत असलेला जुन्या काळचा सोनार बहुतेक एकच, पंढरपूरचे संत नरहरी सोनार, आणि ते पण अभंगांमुळं आणि विठ्ठलाच्या करगोट्याच्या कथेमुळं. त्यांच्या हातचा दागिना कुणाच्या पेटीत नाही. कारण सोपं आहे. आपण दागिना वजनावर घेतो आणि वजनावरच मोडतो, मधलं काम हिशोबात धरतच नाही. सासूच्या पाटल्या मोडून सुनेच्या बांगड्या, सुनेच्या बांगड्या मोडून नातीचा नेकलेस, सोनं तेच फिरतं अन प्रत्येक वेळी एका कारागिराचं काम मुशीत जातं. लातूरच्या सोनाराचा हात कमी होता असं मी अजिबात म्हणणार नाही, त्याचं काम उरलंच नाही.

प्रश्न: तुमच्या चौकटीवर माझा आक्षेप आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलं आणि ह्यानं काचेतून बघून तसंच केलं, याला आम्ही वर्गात कॉपी म्हणायचो. परभणीच्या सराफ्यात पण मोबाईलवरचा फोटो दाखवला की तसाच हार करून देतात, मग त्यांचं पण म्युझियम काढा. – निवृत्त शिक्षक, परभणी

गुरुजी, आक्षेप रास्त आहे आणि तुम्हाला आवडेल असा एक किस्सा आहे. १८९६ ला पॅरिसच्या लूव्र म्युझियमनं सोन्याचा एक मुकुट विकत घेतला, दोन लाख फ्रँक मोजून. सांगण्यात आलं होतं की काळ्या समुद्राकाठच्या ग्रीक लोकांनी सायताफर्नेस नावाच्या राजाला दिलेला हा मुकुट, इसवी सनापूर्वीचा. काही तज्ञ पहिल्यापासून ओरडत होते की काहीतरी गडबड आहे, पण मुकुट काचेत बसला तो बसलाच. मग १९०३ ला उघड झालं की हा तर ओडेसाच्या इस्रायल रुखोमोव्स्की नावाच्या सोनारानं घडवलाय! व्यापाऱ्यांनी ऑर्डर देताना त्याला सांगितलेलं की एका पुरातत्त्ववाल्या मित्राला भेट द्यायचाय, ह्या बिचाऱ्यानं पुस्तकातली चित्रं बघून मन लावून केला. पुढं तो स्वतः पॅरिसला गेला, लोकांचा विश्वास बसेना, तर त्यांच्या डोळ्यांदेखत मुकुटाचा एक भाग परत घडवून दाखवला. लूव्रची नाचक्की झाली पण सोनाराचं नाव झालं.

यातला लबाड कोण, तर ज्यांनी त्या मुकुटाचं वय खोटं सांगितलं ते. हात तर त्या सोनाराचा खराच होता. लालाउनिसनं वय कधी लपवलं नाही, आपला शिक्का मारून विकलं, आणि हे काम कुठनं घेतलं तेही सांगून विकलं. बरं, हुबेहूब तेच केलं असंही नाही. ग्रीक कड्यांना टोकाला दोन मेंढ्यांची किंवा सिंहांची तोंडं समोरासमोर असतात, आपल्याकडं मकरमुखी कडं असतं तसली, ते त्यानं घेतलं. हरक्यूलिसची गाठ घेतली, दोन फास एकमेकांत अडकवलेले असतात ती, रोमन लोक लग्नात नवरीच्या कमरपट्ट्याला ही गाठ मारायचे आणि ती नवऱ्यानं सोडायची. पण तोच माणूस पुढं डीएनएची पिळाची शिडी सोन्यात करायला लागला, शरीरातल्या पेशी मायक्रोस्कोपमधून कशा दिसतात ते सोन्यात करायला लागला. कॉपी करणारा मूळ पान संपलं की थांबतो, हा थांबला नाही.

आणि घेण्याचंच म्हणाल तर आपल्या मराठवाड्याइतकं कुणी घेतलं नसेल. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हंजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदीत पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, माल गाड्यांवरनं भडोचच्या बंदराला जायचा. त्या धंद्यात रोमन नाणी इकडं आली. आता सोन्याचं नाणं गळ्यात घालायची ऐपत सगळ्यांची कुठली, मग लोकांनी काय केलं तर मातीत तसलीच नाणी ठोकली, राजाच्या तोंडाची छाप घेऊन, वरती दोरा ओवायला जागा ठेवून, आणि अडकवली गळ्यात. अशी मातीची पदकं तेरच्या मातीत सापडलीत. पुढचं उदाहरण तर तुमच्या घरातच असेल, पुतळ्यांची माळ. पुतळी हे मुळात व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं, एका बाजूला तिथला प्रमुख त्यांच्या संतापुढं गुडघे टेकून बसलेला. आपल्या सोनारांनी त्याची छाप मारता मारता तो आपलाच करून टाकला, आज कुठल्या आजीला सांगा की तुझ्या गळ्यात व्हेनिसचा संत आहे, ती म्हणंल गप बस लक्ष्मी आहे ती. याला नक्कल म्हणणार असाल तर मग अर्धा सराफा बंद करावा लागंल.

तरी परभणीचा तो फोटोवाला हार मी या हिशोबात धरत नाही, तिथं तुमचं बरोबर आहे. फोटोत दागिन्याची पाठ दिसत नाही. कडी कशी बसवली, पत्र्याची जाडी कुठं कमी केली, गळ्यावर तो पलटी का खात नाही, हे सगळं पाठीमागं असतं. फोटोवरनं केलेला हार पुढनं झकास दिसतो आणि तिसऱ्या लग्नात त्याची कडी तुटते. जुन्या दागिन्याकडनं शिकायचं तर तो हातात घेऊन उलटा करून बघावा लागतो, आणि मग प्रश्न पडतो की हे केलं कसं असंल. पुढचा प्रश्न बघा, नेमका तोच आहे.

प्रश्न: मी पिढीजात सोनार, वय साठच्या पुढं. रवाकाम आम्ही झाळ लावून करतो. झाळ जास्त झाली की रवा बुडतो, कमी झाली की पॉलिशला गळून पडतो. जुन्या ग्रीक कामात म्हणे झाळच दिसत नाही. मग चिकटवलं कशानं? – एक कारागीर, हिंगोली

बाकीच्या वाचकांसाठी आधी सांगतो, रवा म्हंजे दागिन्यावर बसवायचे सोन्याचे बारीक गोल दाणे, आणि झाळ म्हंजे दोन भाग जोडायला वितळवायचा धातू. काका, या प्रश्नानं युरोपातल्या भल्याभल्यांची शंभर वर्षं खाल्ली. १८३६ मध्ये इटलीत चेर्वेतेरीला एक थडगं उघडलं, आत इट्रुस्कन म्हंजे रोमनांच्या आधीच्या इटलीतल्या लोकांचं सोनं, त्यावर रवा इतका बारीक की लांबनं सोन्यावर धूळ बसल्यासारखं वाटावं. रवा पाव मिलीमीटरच्या पण खाली, आणि मध्ये झाळीचा थेंब नाही. रोमचा फोर्तुनातो पियो कास्तेलानी हा सोनार आणि त्याची पोरं आलेसांद्रो अन अउगुस्तो यांनी हे जमवायचा ध्यासच घेतला. शेवटी डोंगरातल्या सांतान्जेलो इन वादो या गावात त्यांना असे कारागीर सापडले की जे खेड्यातल्या बायकांसाठी जुन्या पद्धतीचं बारीक काम अजून करत होते, त्यांना त्यांनी रोमला आणलं. म्युझियमवाले शोधत होते ग्रंथात अन सापडलं खेड्यातल्या सोनाराकडं. तरीही सगळ्यात बारीक रव्यापर्यंत ते पोचले नाहीत. ते कोडं १९३० च्या दशकात लिटलडेल नावाच्या इंग्रज माणसानं उलगडलं.

गंमत अशी की गुपित तांब्यात आहे. आधी रवा पाडायचा, ते तुम्हाला सांगायला नको, सोन्याच्या बारीक तारेचे तुकडे कोळशाच्या भुकटीत एकमेकाला न लागता भरायचे, मूस तापवायची, प्रत्येक तुकडा वितळला की आपोआप गोल होतो. मग चाळून एका मापाचा रवा वेगळा काढायचा. आता चिकटवायला झाळीचा चुरा घ्यायचाच नाही, त्याऐवजी तांब्याचा क्षार घ्यायचा, मॅलाकाइट नावाचा हिरवा खडा वाटून घेतला तरी चालतो, तो डिंकात कालवायचा. दोन-चार केसांच्या ब्रशनं एकेक रवा त्यात बुडवून पत्र्यावर मांडायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. घाई केली की पाण्याची वाफ रवा उडवते.

मग कोळशावर ठेवून आच. साधारण १०० अंशाला तांब्याच्या क्षाराचा ऑक्साइड व्हायला लागतो. ६०० च्या आसपास डिंक जळून त्याचा कोळसा होतो. ८५० ला तो कोळसा ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागं राहतं शुद्ध तांबं, डोळ्याला न दिसणारा पापुद्रा, तोही नेमका रवा पत्र्याला टेकलाय तेवढ्याच जागी. ८९० च्या सुमाराला ते तांबं सोन्यात शिरतं. सोनं एकटं १०६४ ला वितळतं, पण तांबं मिसळलेल्या त्या टिचभर जागेला तेवढी आच लागत नाही, म्हणून जोड तेवढा होतो आणि रवा तसाच गोल राहतो. बघायचं काय, तर पत्रा लाल होतो आणि एका क्षणी सगळ्या अंगावरनं एक चमक पळत गेल्यासारखी दिसते, त्याच क्षणी जाळ बाजूला. एक श्वास उशीर केला की रवाकामाचा गोळा.

आता यात आपल्या लोकांसाठी सांगण्यासारखं हे की डिंकाच्या जागी आपल्याकडचे जुने सोनार गुंजेचं बी उगाळून त्याची खळ वापरायचे. तुमच्या वडलांनी वापरली असंल तर आठवून बघा. गुंज विषारी असते, ब्रश ओठात धरायची सवय असंल तर आधी ती सोडा. पहिल्यांदा करताना गिऱ्हाइकाच्या मालावर करू नका, ग्रॅमभर पत्र्यावर करा, बावीस कॅरेटचा घ्या. आणि दुकानात जुनी केडीएमची झाळ पडलेली असंल तर ती वापरू नका, कॅडमियमचा धूर फुप्फुसाला आणि किडनीला वाईट.

पैठणच्या सातवाहनांच्या काळातलं, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचं कानातल्याचं एक जोड न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, बहुतेक आंध्रकडचं, त्यावर पंखवाला सिंह आणि हत्ती, आणि रवा असा भरलाय की ग्रीक सोनारानं मान डोलवावी. म्हंजे ही विद्या आपल्याला परकी नव्हती.

प्रश्न: आजे सासूबाईंची बोरमाळ आणि एकदाणी आहे. सून म्हणायली की मोडून नवीन नेकलेस करू. सोनार म्हणायलाय की आत लाख आहे, वजन कमी भरंल, आणि हॉलमार्क पण नाही. मोडावं का ठेवावं? – एक वाचक, अंबाजोगाई

मोडू नका. पैशाची नड असंल तर आधी पाटल्या नाहीतर साध्या बांगड्या मोडा, त्यात सोनं भरीव असतं आणि कामाचं नुकसान कमी. बोरमाळेचं उलटं. मणी पातळ पत्र्याचे, दोन अर्धे ठशावर ठोकून जोडलेले, आतली पोकळी लाखेनं भरलेली, म्हणून हातात भरगच्च लागते अन तराजूत हलकी. मोडली की लाख जळून जाणार, हातात येणार थोडं सोनं, आणि नवीन नेकलेसवर घडणावळ आणि जीएसटी वेगळा. तुमचा सोनार खोटं बोलत नाही, वजन कमीच भरंल, म्हणून तर मोडू नका म्हणायलो.

हॉलमार्कचं टेन्शन घेऊ नका. २०२१ पासूनचा नियम आणि २०२३ च्या एप्रिलपासून सक्तीचा झालेला सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हंजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा नंबर, हे दुकानदारानं विकताना पाळायचं आहे, घरातला जुना दागिना ठेवायला, घालायला, विकायला तुम्हाला आडकाठी नाही. शुद्धता बघायची असंल तर हॉलमार्किंग सेंटरवर फी भरून तपासून मिळतं.

माळ घालायची असंल तर पटवेकऱ्याकडनं नवीन दोऱ्यात गाठवून घ्या, जुना दोरा आतनं कुजलेला असतो आणि लग्नाच्या गर्दीत मणी कुठं गेले कळत पण नाही. धुवायला गरम पाणी नको, लाख मऊ होते. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रश ओला करून हलक्या हातानं फिरवा, भिजत घालू नका. कुण्या नवख्या पोराला तुटलेल्या मण्यावर जाळ मारू देऊ नका, आतली लाख उकळून मणी फुटतो.

एवढं सांगून पण सून ऐकत नसंल, आणि तिचंही बरोबर असू शकतं, तिला घालायला काहीतरी पाहिजेच ना, तर मोडायच्या आधी दागिन्याचे पुढनं मागनं फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, मण्याचं माप, वजन, कुणी कधी केला ते वहीत लिहा. पुढं नातीला तसलीच हवी झाली तर करणाऱ्याला काहीतरी धरून करता येईल.

प्रश्न: आमचं तीन पिढ्यांचं सोनारकाम. वडील म्हणायलेत आता यात राम नाही, रेडिमेड माल येतो, कारागीर बंगालचे, तू दुसरं काहीतरी बघ. मी बारावी झालो. काय करू? – सेलू

वडलांचं गणित चुकीचं नाही बरंका. मशीनच्या मालाशी वजनावर अन भावावर भांडायला गेलास तर हरणार. पण मशीनला बोरमाळेचा मणी दुरुस्त करता येत नाही, रवाकाम नीट येत नाही, जुनी नथ परत गुंफता येत नाही, आणि हे करणारा माणूस आज शोधावा लागतो, म्हंजे तिथं गिऱ्हाईक आहे. कॉलेज सोडू नको. लालाउनिस अर्थशास्त्र शिकून धंद्यात आला म्हणूनच त्याला किंमत लावता आली, हे मी मुद्दाम सांगतो. कॉम्प्युटरवरचं डिझाईन शीक, मुंबईला त्याच्या संस्था आहेत, आणि सुट्टीत वडलांच्या शेजारी ऐरणीवर बस. एक वर्ष असं करून मग ठरव. आणि घडणावळ वेगळी लिहून मागायला शीक, ती सोन्यात दडवली की तुझं काम फुकट गेलं समज.

प्रश्न: नोव्हेंबरात ग्रीसची टूर आहे, आठ जण आहोत, सोनं बघायला कुठं कुठं जावं? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

अथेन्सला राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियम आधी, तिथं मायसीनीचं सोनं, १८७६ ला श्लीमान या जर्मन उत्खननवाल्यानं काढलेला तो प्रसिद्ध सोन्याचा मुखवटा. मग ॲक्रोपोलिस उतरलं की लालाउनिसचं म्युझियम चालत जाण्यासारखं, दुकानात शिरू नका, आधी वर्कशॉप बघा. उत्तरेला थेस्सलोनिकीकडं जाणार असाल तर व्हर्जिनाला अलेक्झांडरच्या राजघराण्याची थडगी आहेत, १९७७ ला मनोलिस आन्द्रोनिकोस यांनी उघडलेली, तिथला ओकच्या पानांचा सोन्याचा मुकुट चुकवू नका, पानं तीनशेच्या वर आणि वाऱ्यानं हलतील इतकी पातळ. क्रीटला गेलात तर इराक्लिओच्या म्युझियममध्ये मालिया या गावी सापडलेलं मधमाश्यांचं पदक आहे, दोन माश्या, मध्ये पोळं, पाच सेंटिमीटरच्या आत सगळं. लहान आहे, गाईड पुढं पळवतो, थांबवा त्याला. आणि घरनं निघायच्या आधी एक रविवार काढून तेरला जाऊन या, लामतुरे म्युझियम आहे, गाडीनं पहाटे निघालात तर रात्रीपर्यंत परत येता येतं.